सुनावणीतला ठसका

नंदुरबारकडच्या मिरचीच्या पट्ट्यातली एक नगरपालिका. मी तिथे नगररचना विभागात रचना सहायक होतो. विकास आराखड्यात बाजारपेठेलगतची एक जागा 'शॉपिंग सेंटर'साठी आरक्षित होती आणि वर्षानुवर्षं तिथे बाभळीशिवाय काही उगवलं नव्हतं. मालकाचं म्हणणं, खाली दुकानं आणि वर घरं बांधू द्या. म्हणजे मंजूर आराखड्यातच बदल: नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७ खालचा फेरबदल. राजपत्रात सूचना, हरकतींना एक महिना, मग सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. सगळं रीतसर चाललं होतं. मलाही प्रस्ताव बरा वाटला होता. रात्री नऊनंतर त्या गल्लीत कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. माणसं राहायला आली तर बाजार जागता राहील, असं टिपणीत मीच लिहिलं होतं.

सुनावणी मे महिन्यात, दुपारी. प्रशासक म्हणून मुख्याधिकारीच बसले होते, खिडकीत कूलर. पहिल्या तिघांची हरकत पार्किंगची आणि नळाच्या पाण्याची, म्हणजे नेहमीचीच. चौथे बाबा लागूनच्या गाळ्यातले, मिरची कांडपवाले. थेट मशीनवरूनच उठून आले होते. टोपीवर, भुवयांवर, बंडीच्या घड्यांत लाल भुकटी. येऊन ते नेमके कूलरसमोर उभे राहिले.

आधी शिपाई शिंकला. मग मी. मुख्याधिकाऱ्यांनी रुमाल काढला, पाण्याची बाटली उघडली, तरी खोकला थांबेना. बाबा शांत. सगळ्यांचं आवरल्यावर म्हणाले, "साहेब, मी आठे दोन मिन्टं उभा ऱ्हायनू तं तुमले ठसका उना. वर ऱ्हातीन त्यास्नं काय? मंग त्या माले चक्की बंद करा सांगतीन."

मी नकाशाकडे पाहिलं. त्यांचा गाळा मी निळा रंगवला होता, वाणिज्य वापर. किराणा निळा, कापडदुकान निळं, कांडपही निळंच. मोजणीला मी तिथे गेलो तो भर पावसाळ्यात, कांडप बंद असताना. शटर पाहून पुढे सरकलो होतो.

साहेबांनी नकाशा मागवला आणि पेन्सिलने कांडपाच्या बाजूने एक पट्टा आखला. तिकडे जिने आणि पार्किंग, घरं रस्त्याच्या अंगाला, त्या भिंतीत खिडकी नाही. मालकाच्या आर्किटेक्टने तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाला नाही. दुरुस्त प्रस्ताव मीच तयार केला.

खाली उतरताना बाबांनी जिन्यात गाठलं. आता पक्कं ना, असं त्यांनी विचारलं. फाइल नाशिकला नगररचना सहसंचालकांकडे, तिथून पुढे मंत्रालयात जाईल; शासनाची सही झाली की पक्कं, असं मी सांगितलं.

"कव्हय?"

मी खांदे उडवले. त्यांनी टोपी काढून जिन्याच्या कठड्यावर झटकली. मला पुन्हा शिंक आली.

"मंग नवी मोटर तव्हयच लिसू," म्हणाले आणि उन्हात निघून गेले.