तुम्ही विचारलंत म्हणून: संशयकल्लोळ कुणाचं?

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' हे संगीत नाटक. परवा त्यावरून परत एकाने विचारलं, "संशयकल्लोळ मूळचं त्या आयरिश माणसाचं ना, मग देवलांचं त्यात काय?" वीस वर्षं हेच ऐकतोय. आणि बोलायला तोंड नाही, कारण आमच्या गावात ही बोंब पहिल्यांदा मारली ती मीच.

एम.ए.ला होतो, त्या आयरिश माणसाचं, म्हणजे नाटककार आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' (1761) नुकतंच हाती लागलेलं, डोकं तापलेलं. गणपतीतल्या भाषणात दोन्ही नाटकांतले प्रसंग शेजारी ठेवून वाचले. मर्फीत एका बाईला चक्कर येते, संशयी नवरा सर जॉन तिला सावरतो, त्याची बायको खिडकीतून बघते, तिला तसबीर सापडते, मग ती तिच्या हातात बघून नवरा पेटतो. "फाल्गुनराव म्हणजे धोतर नेसलेला सर जॉन, सगळी उचलेगिरी!" पोरं खिदळली. पुढच्या रांगेत आजोबा. हौशी मंडळींत पंचवीस वर्षं फाल्गुनराव केलेला माणूस.

रात्री ताटावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या त्या मर्फीत रेवती कुणाची मुलगी रे?"

म्हटलं, देवलांच्या नायिकेच्या, रेवतीच्या, जागी तिकडे बेलिंडा, चांगल्या घरची.

"मग नायकिणीच्या मुलीवर संशय घेणं आणि हिच्यावर घेणं एकच का?"

मी भात कालवत बसलो. दाढी करताना ते त्यातली पदं गुणगुणायचे, ती बंद झाली. पुढच्या वर्षी गेले. त्यांना मी काय म्हणायला हवं होतं हे आजही विचारू नका.

नंतर मर्फी नीट वाचला, खरं तर रागानेच. हा गडी स्वतः नट, 1754 मध्ये ऑथेल्लो केलेला, आणि नट होता म्हणून वकिलीच्या संस्थांमध्ये घेईनात, शेवटी लिंकन्स इनने घेतलं. बरं, साप्ताहिकात मजकूर कमी पडला म्हणून फ्रेंच मासिकातली एक छान गोष्ट भाषांतर करून छापली, तर ती निघाली सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज लेखकाची, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये गेलेली! गेला माफी मागायला आणि जन्माची दोस्ती झाली. 1774 मध्ये हाच वकील म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभा राहून म्हणतो की पुस्तकावरचा हक्क कायमचा नसतो. आणि 1786 मध्ये स्वतःचं सगळं लेखन सात खंडांत काढतो, ते मात्र स्वतःच्या नावावर. आता बोला. 'ऑल इन द राँग'सुद्धा फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 1660 च्या प्रहसनावर उभं आहे.

म्हणजे देवलांना माफ? तसं मी म्हटलेलं नाही. सांगाडा मर्फीचाच आहे, मान्य करायला लाज कसली. पण नट म्हणून दारातून परत पाठवलेल्या माणसालाही नायिका चांगल्या घरचीच लागली, आणि देवलांनी ती नायकिणीच्या घरून आणली. तिचा प्रियकर अश्विनशेठ, त्याचा संशय त्यामुळे वेगळाच डसतो. हे बावीसाव्या वर्षी दिसलं नाही, की दिसून भाषणासाठी गाळलं? खरंच आठवत नाही.

तो भाषणाचा कागद अजून आहे. 'उचलेगिरी'वर एकदा काट मारली होती, मग परत लिहिलं, सध्या शब्द आणि काट दोन्ही तिथेच आहेत.