फेरेट बघायला अंधेरीला जाताय? दुपारी जाऊ नका

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबुळका पाळीव प्राणी. कॅफेत त्यांच्याशी खेळायचे माणशी ६०० रुपये तासाला, आणि त्यातली पस्तीस मिनिटं आम्ही झोपलेले फेरेट बघत बसलो. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो, हे मला परतीच्या मेट्रोत भाचीने मोबाईलवर वाचून दाखवलं. "दुपारी या, गर्दी नसते" म्हणणाऱ्या कॅफेवाल्यांना ते ठाऊक नसेल? झोप तरी कसली, उचललं तरी ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. भाची रडवेली झाली, "मामा, मेलाय का हा?"

तर संध्याकाळी सहानंतरचीच वेळ घ्या. घाटकोपरहून मेट्रोला लोंबकळावं लागेल, लोंबकळा. वर्सोव्याला उतरून सरळ चालत सुटा. २६ रुपयांच्या अंतराला रिक्षावाल्याने शंभर मागितले.

खरा संताप मोज्यांचा. आत अनवाणी चालत नाही, घरचे मोजेही चालत नाहीत, तिथलेच घ्यायचे, ९० रुपये जोडी. बाजारात तीस. वाद घातला, पाच मिनिटं गेली, ती तासातूनच कापली. वर १५० रुपयांचा खाऊचा कप गळ्यात मारतात. त्यात बिस्किटं! फेरेट पक्का मांसाहारी, त्याला साखर-मैदा सोसत नाही. घेऊ नका.

शेवटच्या वीस मिनिटांत मात्र एक तपकिरी पठ्ठ्या जागा झाला. मोठी जांभई दिली, पाठीची कमान केली आणि तिरक्या उड्या मारत सोफ्यावर आपटला. तोंडाने दुक-दुक-दुक चालूच. मग माझ्या पायाशी येऊन त्याने मोज्याचं टोक धरलं, मागे-मागे सरकत ओढून काढलं आणि सोफ्याखाली पसार. हसून पोट दुखलं. त्या वीस मिनिटांसाठी मी परत जाईन, एवढं खरं.

रबरबँड, इअरफोन बाहेर ठेवा. रबर चावून गिळतात आणि आतडं तुंबतं. सर्दी-ताप असेल तर बुकिंग पुढे ढकला. माणसाचा फ्लू त्यांना लागतो. १९३३ साली लंडनला फ्लूचा विषाणू हाती आला तो फेरेटांमुळेच. कपडे जुने घाला, वास दोन धुण्यांत जात नाही. आईने दारातच विचारलं, "मुंगूस घेऊन आलास की काय?"

तो मोजा काही मिळाला नाही. काउंटरवर म्हणाले, दुसरी जोडी घ्या, ९० रुपये.