टॉर्क बरोबर, बोल्ट चुकीचा

गाडी दोन तक्रारी घेऊन आली. मागचा भाग ठरल्यापेक्षा उंच बसतो, आणि राउंडअबाउटवर वळवताना डाव्या मागच्या कोपऱ्यातून ‘टक्’ असा एकच आवाज येतो. इंग्लंडच्या मिडलँड्समधलं आमचं वर्कशॉप किट कारचं काम करतं. लोकांनी घरच्या गॅरेजात जोडलेल्या गाड्या तपासायच्या, अडलेल्या पुऱ्या करायच्या, कोनमापं लावून द्यायची.

आपल्याकडे हा प्रकार रुळलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने सेव्हन ही छोटी उघडी गाडी काढली, किट म्हणूनही मिळणारी. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली, पण स्वतः जोडायची हौस उरली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि त्या घाटाच्या गाड्या आजही अनेक जण बनवतात. गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए ही सरकारी तपासणी लागते, ती २००९ पासूनची. ही गाडी त्यात पास होऊन काहीशे मैल चाललेली होती.

जोडणारे गृहस्थ निवृत्त. काम इतकं नेटकं की आमच्यातले दोघं-तिघं नुसते बघायला आले. प्रत्येक नटावर आवळून झाल्याची खूण म्हणून पिवळ्या रंगाची रेघ, सोबत फोटोंची जाड फाइल, फाइलमध्ये प्रत्येक बोल्टसमोर टॉर्कचा, म्हणजे आवळायच्या जोराचा, आकडा आणि तारीख. अशी गाडी आली की तपासणाऱ्याचा हात सैल पडतो. पिवळी रेघ दिसली की पुढच्या बोल्टकडे जायचं, अशी सवयच लागते.

मागची रचना अशी. मध्ये चासीला बांधलेलं फोर्ड सिएरा गाडीचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा डबा; दोन्ही बाजूंना ती चाकापर्यंत नेणारे हाफशाफ्ट; प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक विशबोन, म्हणजे चाक चासीला धरणारा दोन पायांचा आडवा हात. खालचा विशबोन रुंद असतो आणि अपराइटला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या उभ्या भागाला, दोन ठिकाणी धरतो, त्यामुळे चाकाचा टो, म्हणजे ते किती आत-बाहेर वळलेलं आहे ते, तोच ठरवतो. स्प्रिंगसकट शॉकअप त्याच्यावरच उभा. विशबोनची आतली टोकं चासीच्या पत्र्याच्या दोन कानांमध्ये बसतात आणि आरपार बोल्ट जातो. त्या टोकांत बुश असतो: बाहेर स्टीलची नळी, आत स्टीलची नळी, मध्ये दोघींना कायमचं चिकटवलेलं रबर.

सगळी गोम या रबरात आहे. बोल्ट आवळला की आतली नळी दोन कानांमध्ये घट्ट पकडली जाते, ती फिरत नाही. विशबोन वरखाली होतो तो रबर पिळून. म्हणजे ज्या कोनात बोल्ट आवळला, तो कोन रबराच्या दृष्टीने ‘शून्य’. घरी गाडी जोडणारा माणूस काय करतो? चासी स्टँडवर असते, विशबोन खाली लोंबत असतात, हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर आला की ‘क्लिक’ करणारा पाना असतो. एकेक बोल्ट ‘क्लिक’ होईपर्यंत आवळतो आणि रेघ मारतो. मग गाडी चाकांवर उतरते, विशबोन दहा-अकरा अंश वर येतात आणि सगळे बुश कायमचे पिळलेले राहतात. तो पीळ स्प्रिंगला मदत करतो, गाडी उंच बसते. रबर रोज त्या ताणात राहून नळीपासून सुटायला लागतं.

उंची जास्त दिसली म्हणून मालकाने शॉकअपवरची, स्प्रिंग जिच्यावर टेकते ती कॉलर खाली फिरवली. तरी उंच. अजून फिरवली. आमच्याकडे आली तेव्हा गाडी उचलली की मागच्या दोन्ही स्प्रिंगा हाताने गोल फिरत होत्या. चाक पूर्ण लोंबलेलं असतानाही स्प्रिंग जागेवर दाबलेली हवी. नाहीतर खड्ड्यातून चाक परत येताना ती बैठकीवर वेडीवाकडी बसते.

आमच्या तरुण सहकाऱ्याने लगेच निदान केलं: शॉकअप गेले. आवाज आला की शॉकअप बदला, हा रोग कोल्हापूरपासून कॉव्हेंट्रीपर्यंत सगळीकडे सारखा. शॉकअप महाग असतो, बदलायला सोपा असतो आणि बिलावर शोभून दिसतो. मी म्हटलं, आधी बोल्ट सैल करू.

यासाठी गाडी चाकांवरच उभी हवी. आम्ही ती ड्राइव्ह-ऑन लिफ्टवर घेतली. सीटवर ८० किलोची वाळूची पोती, टाकी निम्मी भरलेली, टायरमध्ये हवा मापाची. मागच्या आडव्या नळीपासून लिफ्टच्या पाटापर्यंतचं माप घेतलं. मग विशबोनच्या आतल्या टोकांचे आठही नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. शेवटचे दोन सोडताना रबराचा कुरकुर आवाज आला आणि गाडी कुणी हात न लावता खाली बसली. पुन्हा माप घेतलं: ११ मिलिमीटरचा फरक. तरुण सहकारी काही बोलला नाही. त्याने पट्टी घेऊन स्वतः पुन्हा मोजलं, ते मला आवडलं.

आता गाडी उलट नको तितकी खाली होती, कारण कॉलर खाली फिरवलेल्या. त्या सी-पान्याने परत वर आणल्या, मागची बाजू पुढच्यापेक्षा १२ मिलिमीटर उंच ठेवली, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडली, पुढे-मागे ढकलून टायरचा आडवा ताण काढला आणि मगच बोल्ट आवळायला घेतले.

घरी लिफ्ट नसेल तर याला एक उपाय आहे, आणि तो मला किटच्या पुस्तकातल्या मोघम ओळीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. शॉकअपच्या जागी तात्पुरती लोखंडी पट्टी लावायची. गाडी मापाच्या उंचीवर असताना शॉकअपच्या दोन छिद्रांमध्ये जेवढं अंतर असतं, तेवढ्याच अंतरावर पट्टीला दोन भोकं पाडायची. या गाडीचं ते अंतर २९२ मिलिमीटर. पट्टी लावली की विशबोन बरोबर धावत्या कोनात अडकतो, चासी खुशाल स्टँडवर असू दे. बुशचे बोल्ट त्याच वेळी पक्के करायचे. शॉकअप काढलेलाच आहे तर पट्टी लावण्याआधी विशबोन हाताने अगदी खालपासून अगदी वरपर्यंत फिरवून बघावा: हाफशाफ्टचा जॉइंट कुठे अडकतोय का, ब्रेकचा होज ताणतोय का, हँडब्रेकची केबल विशबोनला घासतेय का. स्प्रिंग लागली की हे बघता येत नाही. डिफरन्शियलचं तेलही चासीत चढवण्याआधीच भरलेलं बरं. नंतर त्या प्लगपाशी हात पोचतो, पाना पोचत नाही.

या गाडीच्या पुस्तकात ही सूचना आहेच. पण ती ‘पहिल्यांदा रस्त्यावर नेण्यापूर्वी’ या प्रकरणात, मागच्या सस्पेन्शनच्या प्रकरणानंतर चाळीसेक पानांनी. सस्पेन्शनच्या पानावर फक्त टॉर्कचा आकडा. पुस्तक लिहिणाऱ्याला गाडी पाठ असते. आपलं पुस्तक वाचणारा हे काम आयुष्यात एकदाच करणार आहे, हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, नट जुने वापरायचे नसतात. तेव्हा नवे लावायला म्हणून एकेक बोल्ट बाहेर काढत होतो. गाडीचं वजन चाकांवर असलं की हे बोल्ट सहज निघत नाहीत, आतल्या नळीत अडकलेले असतात. पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, लावून हातोडीने टकटक करत काढावे लागतात. सात तसेच निघाले. डाव्या खालच्या विशबोनचा मागचा बोल्ट मात्र दोन बोटांनी बाहेर आला.

व्हर्नियर लावला तर बोल्ट ११.९ मिलिमीटर, बुशची नळी १२.७. म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीत एम-१२, १२ मिलिमीटरचा मेट्रिक, बोल्ट. ब्रिटिश किटमध्ये इंची आणि मेट्रिक बोल्टची खिचडी असते. अर्ध्या इंचाच्या यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्यांच्या, बोल्टचं डोकं पाऊण इंचाचं, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. जुन्या मापाच्या एम-१२ चं डोकं १९ मिलिमीटर. एकच सॉकेट दोघांना चपखल बसतं. एम-१२ भोकात आरामात जातो, त्याला एम-१२ चाच नट लावलेला, टॉर्क रेंचही ठरल्या आकड्याला क्लिक होतो. वरून पिवळी रेघ. ओळखायची खूण डोक्यावर असते: मेट्रिकवर ८.८ असा मजबुतीचा आकडा, त्याच तोडीच्या इंची ग्रेड पाचवर तीन रेघा. पण आयव्हीएसाठी कडा बोथट हव्यात, म्हणून मालकाने यच्चयावत बोल्टच्या डोक्यांवर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या होत्या. गाडीच्या पोटात लपलेल्या या बोल्टना त्यांची गरजही नव्हती. या टोप्यांनी कुणाचा गुडघा वाचला असेल तर देव जाणे, तपासणाऱ्याच्या नजरेआड बरंच काही गेलं आहे.

पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा खेळ ऐकायला क्षुल्लक वाटतो. विशबोनच्या दोन बुशमधलं अंतर साधारण ३०० मिलिमीटर. त्यातला एक बुश ०.८ सरकला तर चाक ९ मिनिटं फिरतं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). या गाडीला मागे प्रत्येक चाकाला टो-इन, म्हणजे पुढची कड आत वळवणं, दिलेलं १० मिनिटं. म्हणजे वळणावर भार आला की डावं मागचं चाक जवळजवळ सगळं टो-इन मर्जीने सोडून देत होतं आणि भार उलटला की ‘टक्’ करून परत घेत होतं. आपल्याकडे बाजा एसएई या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी बग्या बनवणाऱ्या पोरांनी हे डोक्यात ठेवावं. तुमच्याकडे रबरी बुशऐवजी रॉड एंड, म्हणजे धातूच्या गोळ्यावर फिरणारे सांधे, असतील, तर पिळाचा प्रश्न येणार नाही. बोल्ट आणि भोक यांतला खेळ मात्र तुम्हालाही तितकाच नडेल.

आवळलेल्या सांध्यात घर्षण सगळं धरून ठेवतं, बोल्ट थोडा बारीक असला तरी सरकायला नको, असं आमच्या वर्कशॉपच्या मुख्याचं म्हणणं पडलं. कागदावर ते खरं आहे. पण चासीच्या कानांवर पावडर कोटिंग, म्हणजे भाजून बसवलेला रंग, होतं, जाड आणि चकचकीत. त्यावर आवळलेला बोल्ट काही दिवसांत सैल पडतो, कारण कोटिंग दबून बाजूला सरकतं आणि बोल्टमधला ताण कमी होतो. रेघ जागची हलत नाही, कारण नट फिरलेलाच नसतो. या कानाच्या आतल्या बाजूला कोटिंग घासून चंद्रकोरीसारखा उघडा पत्रा चमकत होता. भोक एका दिशेला १२.९ मिलिमीटर झालेलं.

मालकाने बोल्ट कुठून आणला? त्यांचं ठाम म्हणणं, बाहेरून एकही बोल्ट विकत घेतलेला नाही, सगळे किटच्या पिशवीतले. फाइलमध्ये फोटो निघाला: पांढऱ्या कापडावर आठ बोल्ट ओळीने मांडलेले, शेजारी पिशवीचं लेबल. सातांच्या डोक्यावर तीन रेघा स्पष्ट दिसतात. आठवा पालथा पडलाय. त्यावरून पिशवीत चुकीचा आला की नंतर कापडावरून बदलला गेला, हे सांगता येत नाही. मालक खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. पॅकिंग करणाऱ्याने चूक केली असंही छातीठोक म्हणवत नाही.

नवा अर्ध्या इंची बोल्ट घातला, लांबी अशी निवडली की कानांच्या भोकात आटे न येता गुळगुळीत दांडाच येईल. बोल्टची डोकी आणि नट टेकतात तिथलं कोटिंग आठही ठिकाणी खरवडून पातळ प्रायमर लावला. आवाज गेला. वाद उरला तो त्या ओवल भोकाचा. माझ्या मते दोन्ही कानांवर १२.७ भोकाची जाड वॉशर वेल्ड करायला हवी. पण कानाच्या मागे हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी, म्हणजे आधी टाकी उतरवा, ॲल्युमिनियमचा पत्रा काढा, वेल्डनंतर रंग. मुख्य म्हणाले, नवा बोल्ट नीट पकडतोय, दोन दशांशासाठी गाडी उघडू नका. खर्च ऐकून मालकही तिकडेच झुकले.

शेवटी वॉशरच्या कडेने पांढऱ्या मार्करची बारीक गोल रेघ ओढली आहे. पिवळी रेघ नट फिरला तर सांगते, वॉशर सरकली तर ही सांगेल. टोपी लावायची नाही असं बजावलंय. ३०० मैलांनी गाडी परत येणार आहे. त्या गोल रेघेच्या एका बाजूला पत्रा चमकताना दिसला, तर टाकी उतरवायची.