गुलमर्गच्या गवतावर

पुण्याहून पर्यटकांचे गट घेऊन काश्मीरला जाण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि त्या सहलीत सर्वांत कमी बोलावे लागते ते गुलमर्गच्या दिवशी. बर्फ दिसला की सत्तरीची माणसेही शाळकरी पोरांसारखी धावत सुटतात आणि सहल-व्यवस्थापकाला निवांत बसून चहा पिता येतो. जानेवारी २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात मात्र मला दिवसभर बोलावे लागले.

चाहूल तंगमर्गलाच लागली होती. गुलमर्गच्या तेरा किलोमीटर अलीकडच्या या गावात दरवर्षी हिवाळ्यात गमबूट आणि जाड कोट भाड्याने घेण्यासाठी झुंबड उडते, पुढच्या चढासाठी गाड्यांच्या चाकांना साखळ्या लावल्या जातात आणि त्या गडबडीत दुकानदार व चालक यांच्यात जो हिशेब होतो, त्याकडे आमच्यासारखे लोक काणाडोळा करतात. त्या दिवशी बुटांच्या जोड्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या होत्या आणि ओळखीच्या दुकानदाराने मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, आज बूट घेऊ नका. वर चिखलसुद्धा नाही." गिऱ्हाईक स्वतःहून परत पाठवणारा दुकानदार मी त्या गावात प्रथमच पाहिला.

वर पोहोचलो तेव्हा २,६५० मीटर उंचीवरचे ते प्रसिद्ध कुरण वाळलेल्या गवताने पिवळे पडले होते. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, निम्म्याहून अधिक उलटून गेले होते. पण पश्चिमेकडून येणारे आणि काश्मीरला हिवाळी बर्फ देणारे वाऱ्यांचे झंझावात त्या मोसमात जवळजवळ फिरकलेच नव्हते. तेव्हा माजी मुख्यमंत्री असलेल्या उमर अब्दुल्ला यांनी आधीच्या वर्षांची छायाचित्रे दाखवून, हिवाळ्यात इतके कोरडे गुलमर्ग आपण कधीच पाहिले नसल्याचे त्याच सुमारास म्हटले होते. आमच्या गटातील बावीस जणांना अर्थात या कारणांत काडीचाही रस नव्हता. पत्रकात 'बर्फात खेळण्याचा आनंद' असे छापलेले होते आणि सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ते पत्रक घडी घालून खिशात आणले होते. मी कार्यालयात फोन केला, तर 'उद्या पडेल असे सांगा' हा सल्ला मिळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पहलगामला जाणार होतो. मी ते वाक्य कोणालाही सांगितले नाही.

मग नाइलाजाने इतिहास सांगू लागलो. या जागेचे जुने नाव गौरीमर्ग असल्याचे सांगतात आणि गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक याने दिले. उन्हाळ्यात गोल्फ खेळण्यासाठी इथे येणाऱ्या इंग्रजांपैकी लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला आणि तोपर्यंत हिवाळ्यात ओस पडणाऱ्या डोंगराला दुसरा हंगाम मिळाला. १९४८च्या युद्धानंतर जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने इथेच लष्कराची स्की-शाळा सुरू झाली. आज ती उंच पर्वतांवरील युद्धाचे शिक्षण देते. टेकडीवरच्या, चित्रपटातल्या गाण्यामुळे सर्वांना माहीत असलेल्या १९१५च्या शिवमंदिरापाशी फोटो काढून झाले. (ते लाकडी मंदिर २०२४च्याच जूनमध्ये आगीत जळाले. आमच्याकडे आहेत ते त्याच्या शेवटच्या हिवाळ्याचे फोटो.)

गोंडोलाला त्या दिवशी रांग नव्हती. फ्रान्सच्या पोमा कंपनीच्या तंत्राने उभारलेल्या या तारमार्गाचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, हिंसाचारामुळे थांबले आणि पहिला टप्पा अखेर १९९८मध्ये पूर्ण झाला. अफरवत डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेणारा दुसरा टप्पा २००५मध्ये आला. युरोपातले स्कीपटू इतक्या लांब येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठीच, कारण तिथून खाली यंत्राने सपाट न केलेला, भुसभुशीत, कोणाच्याही स्कीच्या पट्ट्यांचा माग नसलेला बर्फ मिळतो. आम्हाला वर मिळाला तो जेमतेम वाड्याच्या अंगणाएवढा, राखाडी पडलेला, टणक तुकडा. त्यावर चाळीसेक माणसे पाळीपाळीने फोटो काढत होती. मुख्याध्यापकांनी वाकून मूठभर उचलला, पाहिला आणि काही न बोलता टाकून दिला. त्यापेक्षा त्यांनी ओरडायला हवे होते, असे मला वाटले.

खाली आलो तेव्हा फेरनमध्ये, म्हणजे काश्मिरी झग्यात, हात आणि कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) दडवून बसलेले, बर्फावरची घसरगाडी म्हणजे स्लेज ओढणारे स्लेजवाले दिसले. त्यांतल्या एका वृद्धाने लाकडी स्लेज सवयीने सोबत आणली होती आणि तीवर तो स्वतःच बसला होता. त्याला मजुरी बुडाल्याची खंत होतीच, पण तो बोलत राहिला तो पाण्याविषयी: या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत ओढे वाहते ठेवतो, नंतर पडलेला लगेच वितळून जातो, मग भाताला आणि सफरचंदाला पाणी कुठून येणार? हे ऐकताना माझ्या गटातली कुरकुर प्रथमच थांबली. आमच्यात तासगावचे एक द्राक्ष-बागायतदार होते; त्यांनी त्याच्याकडे पाण्याची चौकशी अशी केली, जशी पाहुण्याच्या आजारपणाची करावी.

तेवढ्यात शेजारी रिकामा उभा असलेला एक स्की-प्रशिक्षक पुढे झाला. "पहिला धडा पडायचा आणि उठायचा असतो," तो म्हणाला, "त्याला बर्फ कशाला हवा?" मी भाव विचारण्याआधीच आमच्यातल्या एक बाई तयार झाल्या. घोट्यापाशी वळूच न देणारे ते अवजड बूट, टाच दाबली की पट्टीत 'खट्' बसणारी कळ, पडायचे ते नेहमी कुशीवर, कधीही मागे नाही, आणि उठताना पट्ट्या उताराला आडव्या ठेवायच्या, हे सगळे त्याने कोरड्या गवतावर शिकवले. पट्ट्यांची टोके जवळ आणून, मागे फाकवून वेग कमी करायचा, याला तो 'पिझ्झा' म्हणत असे. एकेक करून अकरा जण पडले. शेवटी पत्रक खिशात ठेवून मुख्याध्यापकही पडले आणि पहिल्याच प्रयत्नात नीट उठले. "माँजी से अच्छा किया," असे प्रशिक्षकाने सांगितल्यावर त्या बाईंनी पुन्हा पडून दाखवण्याचा हट्ट धरला. तासाभराचे त्याने निम्मेच पैसे घेतले. बाकीचे मी देऊ केले, तेव्हा तो म्हणाला की पट्ट्या सरकल्याच नाहीत, तर पूर्ण पैसे कसे घेऊ?

जानेवारी सरता सरता बर्फ आला आणि फेब्रुवारीच्या २१ ते २५ तारखांना खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा त्याच उतारांवर पार पडल्या. त्या संध्याकाळी मात्र श्रीनगरच्या हॉटेलात बसून मला कार्यालयाचा रोजचा तक्ता भरायचा होता. 'बर्फातील खेळ: झाले / नाही झाले' या रकान्यात मी दोन्ही शब्द खोडले आणि लिहिले, 'गवतावर झाले'.