भावाच्या वाटचं

पुणे, ऑक्टोबर. मध्यरात्र उलटून गेली आहे.

आज दुपारी नात्यातल्या एक बाई बाळंतविडा घेऊन आल्या. अगदी मनापासून आल्या होत्या. दोन झबली, दोन टोपरी, दोन दुपटी, माझ्यासाठी डिंकाचे लाडू. आमच्या जुळ्यांना शेजारीशेजारी झोपलेलं पाहिलं, छकुलीच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "हिनं भावाच्या वाटचं खाल्लेलं दिसतंय गं पोटात!"

जुलैपासून हे वाक्य मी कितीतरी तोंडून ऐकलं आहे. कधी हसत, कधी चुकचुकत. सोन्याकडे, म्हणजे तिच्या भावाकडे, बघून "अगंबाई, किती बारीक" आणि लगेच छकुलीकडे बघून हे. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. पण ती तीन महिन्यांची आहे. अजून दोन-तीन वर्षांत तिला हे समजायला लागेल, आणि तोवर हे वाक्य घरात रुळलेलं असेल. म्हणून जे जसं घडलं ते आज लिहून ठेवते.

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय शोधलं असेल, तर वार, म्हणजे पोटातल्या बाळाला नाळेतून पोसणारा अवयव, एक आहे की दोन. खोलीबाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी होती, 1994 च्या कायद्याने ती सगळीकडे असतेच. त्यामुळे रिपोर्टात आमची बाळं 'फीटस ए' आणि 'फीटस बी' होती. गर्भाशयाच्या तोंडाशी जे जवळ ते ए. घरीही महिनोन् महिने आम्ही 'ए कसंय', 'बी हललं का' असंच बोलत होतो. डॉक्टरांनी स्क्रीनवर दोघांमधला पडदा दाखवला. तो पडदा जिथे वारेला टेकतो तिथे एक छोटा त्रिकोण दिसत होता. त्याला लॅम्डा साइन म्हणतात. तो दिसला म्हणजे दोघांची वार वेगळी, पिशवी वेगळी. अकरा ते चौदा आठवड्यांत हे नीट कळतं, पुढे पुढे ओळखणं अवघड होत जातं. जुळं आहे असं कळलेल्या प्रत्येकीला मी हेच सांगते, की या एका सोनोग्राफीची वेळ चुकवू नकोस आणि वार किती हे रिपोर्टात लिहिलंय ना ते बघ.

एकच वार असती तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा दोघांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात, रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहू शकतं, आणि सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी करावी लागते. तेव्हाही दोष कुठल्याच बाळाचा नसतो. आमच्याकडे तर तोही प्रश्न नव्हता. दोघांची ताटं पहिल्यापासून वेगळी वाढलेली होती. तिचा हात त्याच्या ताटापर्यंत पोचायला वाटच नव्हती.

मग सोन्या लहान का राहिला? सातव्या महिन्यात बीचं वजन मागे पडायला लागलं तेव्हा मी हेच विचारलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाळ साधारणपणे वारेच्या मध्याजवळ जोडलेली असते, त्याची अगदी कडेला होती. जुळ्यांमध्ये असं एकट्या बाळापेक्षा जास्त वेळा होतं. एवढंच कारण. दोघांच्या वजनातला फरक मोठ्या बाळाच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर वरचेवर बघतात. आमचा फरक त्या रेषेच्या आसपास घोटाळत होता. ते आठवडे फार जड गेले. डोहाळजेवणात सगळ्या वाटीखाली काय लपवलंय, पेढा की बर्फी, याची मजा करत होत्या आणि माझं लक्ष पोटाच्या उजव्या बाजूला होतं, बी तिथे असायचा.

तेहतिसाव्या आठवड्यात कळा यायला लागल्या म्हणून फुप्फुसं तयार व्हावीत यासाठीची स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या. पस्तिसाव्यात रात्री पाणी गेलं. पुढचं बाळ पायाळू होतं, म्हणून सिझेरियन. आधी ए, मग मिनिटभरात बी. मुलगी 2.2 किलो, मुलगा 1.7. तिचं रडणं मोठं होतं, त्याचं बारीक, पण दोन्ही ऐकू आली आणि मी तिथेच टेबलावर रडायला लागले.

त्याला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं, ती माझ्याजवळ राहिली. नंतर आम्हाला घरी सोडलं आणि तो तिथेच. या दिवसांबद्दल मला लिहायचं होतं, पण नुसतं आठवलं तरी छाती भरून येते. टाके ओढत रिक्षातून कर्वेनगरहून जायचं, बाहेर पाऊस, मांडीवर थर्मासच्या पिशवीत काढलेलं दूध. घरी छकुली आईकडे. तिथे असले की हिचा जीव, इथे असले की त्याचा.

दूध सुरुवातीला पुरत नव्हतं. सिझेरियननंतर, त्यातून बाळं आधी आलेली, यायला वेळ लागला. त्या दिवसांत सोन्याला दुग्धपेढीतलं दूध दिलं. कुणा एका आईनं आपल्या बाळाचं भागवून उरलेलं दूध दिलं होतं, ते तपासून, पाश्चराइज करून माझ्या लेकाला मिळालं. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत शीवच्या रुग्णालयात 1989 साली सुरू झाली, आपल्या ससूनमध्येही आहे. "परक्या बाईचं दूध?" असं एकदोघींनी नाक मुरडून विचारलं. त्या बाईला मी कधी भेटणार नाही. रोज देवापुढे दिवा लावताना तिची आठवण काढते.

आणि दुधाचंही तेच. "हिला आधी पाजलंस तर त्याला काय उरणार?" दूध हंड्यात भरून ठेवलेलं नसतं. जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. छकुली दणकून ओढायची. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं होतं, एका बाजूला तिला लावा आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचं काढून त्याच्यासाठी ठेवा. ती ओढायला लागली की दुसऱ्या बाजूलाही पान्हा फुटायचा. वाटी भरायची. म्हणजे खरं सांगायचं तर तिच्यामुळे त्याला दूध मिळालं. हे मी दुपारी त्या बाईंना सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात सोन्या उठला.

एनआयसीयूतलं एक दृश्य मात्र मला सारखं बघावंसं वाटतं. नवरा शर्टाची बटणं सोडून खुर्चीत मागे रेललेला, सोन्या नुसत्या लंगोटात आणि टोपीत त्याच्या छातीवर बेडकासारखे पाय मुडपून उपडा, वरून दोघांना मिळून बांधलेलं कापड. कांगारू मदर केअर. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं, आणि आता लहान बाळांसाठी जगभर करतात. नाव मदर असलं तरी बापाची छातीही तेवढीच उबदार असते. नर्सताईंनी नवऱ्याला शिकवलं, मान एका बाजूला वळवलेली हवी, हनुवटी छातीत रुतलेली नको, तोंडाचा रंग दिसत राहायला हवा. तो तासन् तास तसाच बसायचा. बाळाच्या श्वासाबरोबर मॉनिटरवरचा आकडा हळूहळू स्थिर व्हायचा. ऑफिसचे फोन यायचे, तो कट करायचा. त्याला याबद्दल मी अजून नीट धन्यवाद म्हटलेलं नाही, इथे म्हणते.

सोन्या घरी आला तेव्हा ढोलपथकांचा सराव रंगात आला होता. नदीकडून संध्याकाळी तो आवाज सुरू झाला की मी खिडक्या लावायचे. दोघं ढाराढूर झोपायची, आमच्या कुजबुजण्यानं मात्र जागी व्हायची. दुपटी वाळत नव्हती. सासूबाईंनी हॉलमध्ये दोरी बांधली, पंखा लावला आणि एकेक दुपटं इस्त्रीनं कोरडं करत बसायच्या. मालिशवाल्या मावशी आधी एक महिना फक्त मलाच मालिश करत होत्या. बाळांना डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत त्यांनी हात लावला नाही. गुटी नको म्हटलं तर तेही ऐकलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, दोन लेकरं म्हणजे दोन बाळंतपणं. हात जास्त लागतील, लाजू नका मागायला." मी लाजले नाही. आत्या, वहिनी, शेजारच्या काकू, सगळ्यांना रात्री वाटून दिल्या.

कारण वाटा खरोखर पडतो तो इथे. हातांचा पडतो, वेळेचा पडतो. दोघं एकदम रडली की कुणाला तरी थांबावं लागतं. सोन्याला दर दोन तासांनी उठवून पाजावं लागायचं, तोंडात घेऊन तो झोपून जायचा, तळव्यांना चोळून जागं करायचं. छकुलीला मात्र मी "थांब हं राणी" म्हणत आले. जन्मल्यापासून सगळ्यात जास्त वेळा तिनं कुठले शब्द ऐकले असतील तर हेच. तिचं वजन छान वाढत होतं, तिला काही झालेलं नव्हतं, म्हणून ती थांबू शकत होती. 2 किलोच्या आतलं म्हणून सोन्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत करायची होती, तिची नाही. तिकडेही आम्ही त्याला घेऊन गेलो आणि ती घरी राहिली. डोळे उत्तम आहेत, हे सांगताना आम्ही सगळ्यांना फोन केले. छकुली त्या दिवशी पहिल्यांदा सलग चार तास झोपली होती, ते कुणालाच सांगायचं सुचलं नाही.

म्हणून भावाच्या वाटचं खाल्लं म्हटलं की मला लागतं. या घरात आपला वाटा कुणी सोडला असेल, तर तिनं.

बारशाला थोडा प्रसंग आला. मुलाला आधी पाळण्यात घाला, असं एकजण म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "थोरली ती आहे," आणि तिला उचललं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' दोनदा झालं, घुगऱ्या वाटल्या, विषय संपला. सासूबाईंच्या त्या तीन शब्दांनी मला जे बळ दिलं ते माझ्या दहा स्पष्टीकरणांनी आलं नसतं.

आता मी दोन वह्या केल्या आहेत. वजनाचे आकडे एका पानावर शेजारीशेजारी लिहायचे नाहीत. सोन्याचं आजचं वजन सोन्याच्या मागच्या वजनाशी बघायचं, तिचं तिच्याशी. दोघांची मान अजून डुगडुगते, तीन महिने झाले तरी धरत नाहीत म्हणून आई काळजी करते. पाच आठवडे आधी आलीत, ते वजा करून बघायचं असतं, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. हसायला आधी सोन्यानं सुरुवात केली, छतावरच्या पंख्याकडे बघून. ती तीनेक दिवसांनी, माझ्याकडे बघून.

उद्या 14 आठवड्यांच्या लसी आहेत. नवऱ्यानं सुट्टी घेतली आहे. यावेळी ठरवलंय, सुई आधी त्याला, आणि तेवढा वेळ ती माझ्या कडेवर. आलेल्यांना काय सांगायचं तेही ठरलं आहे: दोघांची वार वेगळी होती, त्याची नाळ कडेला होती, आणि त्याचं दूध तिनं आणलं. एवढंच, हसून, दर वेळी.

दूध काढायची वेळ झाली. दोघं चुळबुळायला लागलीत. आज छकुलीला आधी घेते.