देखावा

श्रावणातल्या एका दुपारी चौथीतली नात चित्रकलेची वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आबा, बाईंनी सृष्टीचा देखावा काढून आणायला सांगितलाय." मी चष्मा शोधेपर्यंत तिचे दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतला अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली नागमोडी नदी आणि चारच्या आकड्यासारखे उडणारे कावळे काढून झाले होते. साठ वर्षांपूर्वी मीही हुबेहूब हेच काढत असे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते हे आम्हा नाशिककरांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. पण ती सूर्याच्या बुडातून निघते, असे मात्र चित्रकलेच्या वहीतच पाहावे.

मला अडकवले ते 'देखावा' या शब्दाने. डोंगर-नदीचा तो देखावा, गणपतीत मंडळे गोणपाटाला रंग फासून जो कैलास उभा करतात तोही देखावा, आणि मयताच्या घरी डोळे कोरडे ठेवून जो गळा काढतात त्यालाही देखावाच म्हणायचे. सह्याद्रीला आणि ढोंगाला एकच शब्द देताना आपल्या पूर्वजांच्या मनात काय होते, कोण जाणे. 'सीनरी'चे त्यामानाने बरे आहे. ती दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगलेली असते आणि तिच्यात बहुधा बर्फ असते. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत असताना तिच्याशेजारी परदेशातल्या तळ्याची सीनरी लावणाऱ्या माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, परंतु आमच्याही घरी ती आहे.

नाटकाच्या देखाव्याशी माझा संबंध एकदाच आला आणि तो दोरीपुरता होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात रामाच्या वनवासाचे नाटक बसवले होते. आमची शाळा पंचवटीत. जिथे वनवास घडला असे सगळे मानतात ते पाच वड आणि सीतागुंफा तिथून चालत दहा मिनिटांवर. तरीही वन मात्र पडदेवाल्याकडून भाड्याने आणले होते. त्या पडद्यावर सूचिपर्णी झाडे होती, मागे बर्फाची शिखरे होती आणि एका कोपऱ्यात हरणाच्या मानेवर मोठे ठिगळ होते. महालाचा पडदा मागे टांगलेलाच होता. त्याच्यापुढे बांबूला गुंडाळलेला वनाचा पडदा दोरी ढिली करत खाली सोडायचा, एवढेच माझे काम. ऐन वेळी दोरी कप्पीत अडकली. विंगेतून सर "सोड रे, सोड!" म्हणून ओरडत होते आणि मी घाबरून ती अधिकच घट्ट धरून बसलो. तो सबंध प्रवेश तसाच पार पडला: वरच्या अर्ध्या भागात बर्फाची शिखरे, खाली अयोध्येच्या महालाचे खांब, आणि मध्ये सीता निमूटपणे फुले वेचते आहे. हॉल हसून लोळत होता. पुढच्या रांगेत बसलेली आजी मात्र घरी आल्यावर म्हणाली, "वन अगदी खरं वाटत होतं हो!" रोज गंगेवर जाताना त्या वडांना वळसा घालून जाणारी ती बाई हे बोलली, याचे मला तेव्हा काही वाटले नव्हते.

पुढे कधीतरी शाकुंतल वाचताना कळले, की कालिदासाला वनाचा पडदा लागतच नाही. शकुंतला झाडांना पाणी घालण्याचा नुसता अभिनय करते आणि दुष्यंताचा रथ जागेवरच दौडतो. झाडे आणि धूळ श्लोकातून उभी राहतात. 'नेपथ्य' या शब्दाचा त्या काळचा अर्थही पडद्यामागची रंगभूषेची जागा किंवा नटाचा वेष असा होता. जे मागे लपवायचे त्याचे नाव आज आपण पुढे मांडलेल्या देखाव्याला दिले आहे. किर्लोस्करांनी १८८० मध्ये तेच शाकुंतल मराठीत आणले आणि त्यानंतर रस्ता, महाल, बाग, जंगल अशा रंगवलेल्या पडद्यांचे संगीत नाटकाच्या काळात मोठे प्रस्थ झाले. आमच्या त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी नाटकमंडळ्यांसाठी देखावे करून देत असत. त्यांचे स्मारक आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, म्हणजे पडदे रंगवलेल्या माणसाच्या मागे कायमचा एक खराखुरा डोंगर उभा आहे, आणि गंमत अशी, की पावसाळ्यात पायथ्याशी उभा राहून त्याच डोंगराकडे पाहणारा माणूस हमखास म्हणतो, "काय सुंदर, अगदी रंगवल्यासारखा!" रंगवलेला असला की खऱ्यासारखा आणि खरा असला की रंगवल्यासारखा.

नातीला मी गॅलरीत नेले आणि म्हटले, "अगं, समोरचा डोंगर बघ आणि तो काढ." पावसाची सर नुकतीच ओसरली होती, डोंगराच्या कडेवरून ढग वर सरकत होता, बांबूवर गुंडाळल्यासारखा, कुठेही न अडकता. फक्त डावीकडचा अर्धा डोंगर दिसत नव्हता, कारण तिथे हिरवी जाळी लावलेली नवी इमारत उठते आहे.

"आबा, ती बिल्डिंग पण काढू?"

मी "नको" म्हणालो. तिने मान डोलावली, पण डोंगराचा तो भाग दिसतच नसल्यामुळे तिलाही तो कसा काढावा हे कळेना. शेवटी त्या जागी तिने एक नारळाचे झाड काढले. तेही चांगलेच उंच झाले.