केबलचं बिल

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात मी पोलिसात आहे. आमच्या बीटातली गावं तशी शांत, बांधाची भांडणं, जत्रेतली मारामारी आणि उन्हाळा लागला की मोटरच्या केबली. केबलचोरी म्हणजे काय चोरी झाली का असं लोकं म्हणतात तेव्हा मला राहवत नाही, कारण मोटरला लागणारी थ्री फेज लाईट मिळणार दिवसाला सात तास आणि त्यात केबलच नसली तर मार्चमधला ऊस डोळ्यादेखत वाळतो.

त्या दिवशी वेदगंगेकाठचे एक तात्या मोटरची केबल चोरीला गेली म्हणून सकाळीच स्टेशनला आले. केबल कितीची म्हणून विचारलं तर म्हणाले, "चार हजार धरा की साहेब." मी पेन खाली ठेवलं. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आलेत, त्यात पाच हजाराच्या आतली चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय आम्हाला तपासच करता येत नाही, आणि तोवर तांबं वितळून कुठल्या कुठं जातंय. मी म्हटलं, तात्या अंदाज नको, बिल हाय का? त्यांनी घरी फोन लावला, काकूंनी कारखान्याच्या पावत्यांच्या पिशवीतनं बिल शोधून नातवाकडं पाठवलं. गेल्या वर्षीचंच, आठ हजार सहाशेचं. फिर्याद कानडीत लिहून घेतली, तात्यांना मराठीत वाचून दाखवली, सही घेतली आणि लगेच निघालो.

ओढ्यात म्हसरं राखणाऱ्या पोरानं जळक्या रबराची जागा दाखवली. केबल तुटली ती लाईट यायच्या जरा आधी, म्हणजे पाळी माहीत असलेलाच कोणतरी. कोगनोळी टोलनाक्यापुढं महाराष्ट्रात शिरलो, तिथल्या स्टेशनला आधी कळवलं आणि भंगाराची दुकानं बघत सुटलो, दुपार टळली तरी कुणी जेवलं नव्हतं. शेवटी एका दुकानात पोत्याखाली काजळी लागलेल्या तारेचं भेंडोळं सापडलं. भंगारवाल्यानं नाव सांगितलं, शेजारच्या गावातला पोरगा, आधी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात हाताखाली होता.

पोरगा पहिल्यांदाच सापडला होता, रडत होता, त्याच्या आईकडं बघवत नव्हतं. पण मला खरा राग आला तो भंगारवाल्याचा, जाळलेली तांब्याची तार कुणाच्या विहिरीवरनं नाहीतर नदीवरनं येते हे त्याला कळत नाही होय? घेणारा आहे म्हणून तर तोडणारा आहे. आमच्या साहेबांनी त्याच्यावर चोरीचा माल घेतल्याचं, नव्या भारतीय न्याय संहितेतलं ३१७ कलम लावलं, मागंपुढं बघितलं नाही, आणि ते फार बरं केलं.

आता जप्त तांबं कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळत नाही आणि मिळालं तरी त्याची काय परत केबल होत नाही, तात्यांनी उधारीवर नवी घेतली, तोवर भावकीतल्या एकानं आपल्या मोटरचं पाणी दिलं म्हणून ऊस वाचला. मी मात्र बीटवर गेलो की प्रत्येक मोटरवाल्याला बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढायला लावतो, तिथंच उभा राहून.